टाकीचं झाकण

“गेनबा, शेवटचं इचारतो. भंडारा उचलतूस, का चालता हुतूस?”

तात्यांच्या तळहातावर चिमूटभर भंडारा होता आणि त्यावर बेलाचं एक पान. ऊन चढलं होतं. बांधाला ट्रॅक्टर उभा होता, त्याच्यामागं पेरणीयंत्र जोडलेलं, आणि पुढं दहा एकराचं काळं रान, हस्ताचा पाऊस पिऊन वाफशाला आलेलं. वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, चार दिवसांचा पाहुणा. त्यातले तीन दिवस ट्रॅक्टरनं खाल्ले होते.

गेनबा सरवदे मोठ्या टायरला टेकून उभा होता. चौदा वर्षं तो आमचा ट्रॅक्टर चालवत होता.

“काय म्हणू?” त्यानं विचारलं.

“दोनच गोष्टी. डिझेलात पाणी मिसळलं न्हाई. आन् ट्रॅक्टरला काय झालंय ते मला ठावं न्हाई. म्हण, भंडारा कपाळाला लाव. इषय मिटला.”

“पयली म्हणतो. डिझेलात मी थेंब घातला न्हाई. बिरोबाच्यान.”

“आन् दुसरी?”

गेनबानं एकदा वस्तीवरच्या घराकडं पाहिलं. मग आपल्या पायाच्या अंगठ्याकडं.

“दुसरी न्हाई म्हणायचो.”

“का?”

“न्हाई म्हणायचो, तात्या. बास.”

तात्या हसले. “ऐकलंस का अंकुश? भंडाऱ्यापुढं खोटं बोलायला जीभ रेटंना त्याची.”

अंकुश म्हणजे माझे मालक. तात्या त्यांचे चुलते, माझे चुलत सासरे. चैत्रात मामंजी गेले, तेव्हापासून तात्यांचा शब्द आमच्या रानातही चालू लागला होता. मी लिंबाच्या सावलीत, डोईवर पदर घेऊन उभी होते. लग्नाला दीड वर्ष झालं होतं. सुनेनं पुरुषांच्या बोलण्यात पडायचं नाही, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सांगावं लागत नाही.

दुखणं सुरू झालं ते दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी. ट्रॅक्टर झोकात चालू व्हायचा, अर्धा तास पेरायचा, मग धाप लागल्यासारखा खोकायचा आणि भर रानातच बसायचा. गेनबा उतरायचा, डिझेल आहे का बघायचा, झाकण लावायचा. परत चालू. परत अर्धा तास. तालुक्याचा मिस्त्री येऊन फिल्टर बदलून गेला. जाताना त्यानं बोटावर डिझेल घेऊन हुंगलं आणि म्हणाला, “पाणी हाय ह्यात. बाहीरचं कोण घालतंय? घरातलंच बगा.” एवढं म्हणून तो फटफटीवर बसून गेला. त्याचं बोट पुसून झालं, पण गेनबाच्या नावाला लागलेला डाग तीन दिवसांत साऱ्या शिवारात गेला. आणि आज सकाळपासून ट्रॅक्टर चालूच होत नव्हता. बॅटरी दमली, चावी फिरवून ह्यांची बोटं दुखली. इंजिन घरघरायचं, पण पेटायचं नाही.

“भंडारा परत ठेवा तात्या,” मागून आवाज आला. “गेनबा चोर न्हाई.”

आत्याबाई होत्या. माझ्या सासूबाई. डोक्यावर पेरणीच्या ज्वारीचं गाठोडं, हातात पाण्याची कळशी. बियाण्याची कणसं आमच्या घरात त्याच निवडत. पस्तीस वर्षं. खळ्यावर कणसांच्या राशीतून त्या अशा चालत की जणू लेकीसाठी स्थळ बघताहेत. दाणा दाताखाली धरून सांगायच्या, हे जाईल, हे राहील.

“वहिनी, तुमी मधी पडू नका.”

“पडते. माझ्या मालकानं ठेवलेला गडी हाय तो.” त्यांनी गाठोडं उतरवलं. उन्हात त्यांचं कपाळ दिसलं. चंद्र जसा दिवसा दिसतो, तसा तिथं एक गोल होता, बाकी कातडीपेक्षा उजळ. पस्तीस वर्षं मेण लावून त्यावर कुंकू टेकवलेली जागा. सहा महिने झाले तरी उन्हानं ती भरून काढली नव्हती. “आन् मिस्त्री नुसता हुंगून गेला. आमच्या रत्नाचा बाप मिस्त्री हाय. तिला बगू द्या की.”

मला वाटलं, धरणी दुभंगावी. पण खोटं कशाला बोलू, धरणी दुभंगावी असं वाटताना माझे हात शिवशिवत होते.

“बाईमाणूस ट्रॅक्टर बगणार?” तात्या म्हणाले. “मग उद्या गेनबा भाकऱ्या थापंल.”

“थापंल की,” आत्याबाई म्हणाल्या. “तुमच्यापेक्षा गोल थापंल.”

गेनबाही हसला. त्या दिवसात तो हसला ते एकदाच.

“बघ,” हे मला म्हणाले. “पण सांजंपातूर झालं न्हाई तर तात्या म्हणतात तसं करावं लागंल. गेनबा, वाईट वाटून घेऊ नगंस.”

मी पदर कमरेला खोचला.

माझे आबा फाट्यावर इंजिनं दुरुस्त करायचे. विहिरीवरची, गिरणीची, ट्रॅक्टरची. आम्ही तिघी बहिणी, मी थोरली, पाने-हातोडी माझ्याकडं. आबा म्हणायचे, “पोरी, इंजिन जात्यासारखं. दाणा सरला की घरघर बदलती. आधी ऐक. मग पान्याला हात लाव.”

मी ह्यांना चावी फिरवायला सांगितली आणि ऐकलं. घरघर होती, पण कोरडी. धुराडं कोरडं. नुसतं डिझेल वाईट असतं तर पांढरा धूर तरी आला असता. इथं दाणाच पोचत नव्हता जात्याला.

“गेनबाभाऊ, काचेची बाटली आहे का?”

त्यानं लोणच्याची रिकामी बरणी आणली. फिल्टरच्या तळचा नट ढिला करून मी बरणीभर डिझेल काढलं आणि लिंबाच्या बुंध्याशी सावलीत ठेवलं.

“ह्येचं आता काय लोणचं घालायचं?” तात्या म्हणाले.

“पाणी जड असतं, तात्या. असलं तर खाली बसेल. डोळ्यांनी दिसेल.”

सगळे बरणीभोवती बसले. बाळंतिणीच्या खोलीबाहेर बसावं तसे. थोड्या वेळानं मी बरणी उन्हात धरली. डिझेल मधासारखं नितळ. तळाला थेंब नाही, रेघ नाही.

“बगा,” आत्याबाई म्हणाल्या. आवाज एवढासा झाला होता. “बगा, गेनबा चोर न्हाई.”

मला आभाळ ठेंगणं झालं. तिथंच मी थांबायला हवं होतं, असं मला आता वाटतं. पण ट्रॅक्टर अजून मुका होता, वाफसा उडत होता, आणि खरं सांगायचं तर तीन पुरुष माझ्या हाताकडं बघत होते. आयुष्यात पहिल्यांदाच.

“पाणी नाही, म्हणजे नळीत हवा आहे,” मी म्हणाले. “फिल्टरवरचा हवेचा स्क्रू सोडते. गेनबाभाऊ, तुम्ही हातपंप दाबा.”

गेनबा दाबू लागला. स्क्रूच्या तोंडातून फेस आला, बुडबुडे आले, पाठोपाठ दोन चुळा डिझेल. मग धार बारीक झाली, बारीक झाली, आणि थांबली. टाकी तर भरलेली असायला हवी होती. मी टाकीची नळी सोडून तोंडानं फुंकली. मोकळी. परत जोडली. परत दोन चुळा आणि थांबली.

“ऱ्हाऊ द्या वहिनी,” गेनबा एकाएकी म्हणाला. “माझीच चूक असंल. पाणीच असंल थोडं.”

“अहो, बरणी बघितली ना तुम्ही?”

“बगितली. तरीबी.” त्यानं कपाळावरचा घाम पुसला. “तात्या, मी जातो. पाणीच हाय म्हणा. मीच घातलं म्हणा.”

तात्यांनी मांडीवर थाप मारली. “आलं बाहीर!”

मला गेनबाचा राग आला. मी त्याच्यासाठी घाम गाळत होते आणि हा भित्र्यासारखा आळ अंगावर घेत होता. त्याच्या हातातला पाना मी घेतला. जवळजवळ हिसकावलाच.

“टाकीत डिझेल किती आहे, बघू.”

“मी बगतो,” तो म्हणाला आणि माझ्याआधी झाकणाकडं गेला. पण मी जवळ होते. मी हात घातला आणि झाकण फिरवलं.

सुस्स.

गाढ झोपलेल्या माणसानं उसासा टाकावा तसा आवाज झाला. आणि खाली, मघाच्या उघड्या स्क्रूतून, कुणी हात न लावता, डिझेलची धार भळाभळा वाहू लागली.

“झाकण!” मी ओरडले. “अहो, झाकणाला श्वास नाही!”

मी झाकण लावलं, हे हातपंप दाबू लागले, धार आटली. झाकण उघडलं; धार आली. तीनदा करून दाखवलं. “टाकीच्या झाकणाला बारीक भोक असतं. डिझेल खाली जातं तशी वरून हवा आत यायला पाहिजे. तोंडानं गच्च धरलेल्या बाटलीतनं पाणी पडत नाही, तसं झालंय. म्हणून अर्धा तास चालायचा आणि बसायचा. म्हणून गेनबाभाऊंनी डिझेल बघायला झाकण उघडलं की परत चालू व्हायचा. आणि ओढून ओढून आता नळीत हवा शिरलीय.”

“आयला,” हे म्हणाले. माझ्याकडं त्यांनी असं कधी पाहिलं नव्हतं. लग्नातही नाही.

झाकणाच्या मध्यावर धूळ आणि डिझेल बसून एक काळा खपला झाला होता. मी मंगळसूत्राला अडकवलेली पिन काढली. गेनबा म्हणाला, “वहिनी, मी करतो, मला द्या,” पण तेव्हा माझ्या कानात माझाच आवाज भरला होता.

खपला निघाला. खाली लाल. लालाखाली मऊ, पिवळं. उन्हानं वितळून ते भोकात उतरलं होतं आणि तिथं थिजलं होतं. मी ते पिनेच्या टोकावर धरून हुंगलं. मधमाश्यांचा वास.

“मेण!” मी म्हणाले. हसतच म्हणाले. “कुंकवाचं मेण बसलंय भोकात. कुणी लावलं हे?”

माझ्या तोंडातून शब्द सुटला आणि मग मला ऐकू आला.

दसऱ्याला ट्रॅक्टरची पूजा मीच केली होती. दुःखाचं वर्ष असलं तरी अवजारांची पूजा चुकवत नाहीत. पण मी कुंकू लावलं होतं ते बोनेटवर, कोरडं. मी टिकली लावणारी. घरात मेणाचा करंडा एकच होता. चैत्रापासून तो फडताळात, कापडात बांधून ठेवला होता. आणि ट्रॅक्टरच्या त्या झाकणाला मामंजी असेपर्यंत दुसऱ्या कुणाचा हात लागत नसे. रोज उजाडताना ते स्वतः डिझेल भरायचे.

दसऱ्याच्या पहाटे मी सडा घालायला उठले, तेव्हा आत्याबाई ट्रॅक्टरच्या शेडकडून येत होत्या. ओठांत ओवी होती. ‘सकाळच्या पारामंदी, हात जिथं पडे त्याचा…’ मला बघून त्या थांबल्या. म्हणाल्या, शेणाची पाटी बघायला गेले होते. त्यांच्यामागं शेडच्या दारात गेनबा उभा होता, बादली घेऊन, खाली मान घालून.

स्क्रूतून डिझेल मातीत सांडत होतं, ते बंद करायचंही कुणाला सुचलं नाही.

“मेणावर कुंकू कोण लावतं गं तुमच्या घरात?” तात्यांनी विचारलं. विचारायची गरज नव्हती. त्यांची नजर आत्याबाईंच्या कपाळावरच्या त्या उजळ गोलावर होती.

“मी लावलं,” आत्याबाई म्हणाल्या.

“तरीच!” तात्या उभे राहिले. “तरीच तीन दिस रान पडून ऱ्हायलं. पांढऱ्या कपाळानं कुंकवाला हात लावल्यावर दुसरं काय हुणार?”

“तात्या, कपाळाचं काही नाही त्यात,” मी म्हणाले. “भोक बुजलं म्हणून बसला. माझ्या हातचं मेण असतं तरी असंच झालं असतं. कुणाच्याही…”

“तू गप. तूच शोधलंस, तूच दावलंस कशानं बसला ते. आता झाकू नगंस.”

मी ह्यांच्याकडं पाहिलं. हे मातीकडं बघत होते. आईकडंही नाही, माझ्याकडंही नाही.

तात्यांनी सांगितलं तसं झालं. झाकण गोमूत्रानं धुतलं. सवाष्णीनं परत पूजा करायची म्हणून घरातून हळदकुंकू आणवलं आणि ते माझ्या हातात दिलं. आत्याबाई दहा हातांवर उभ्या होत्या. मी त्याच झाकणावर, भोकाच्या जरा बाजूला, कोरडं कुंकू लावलं. मला वाटत होतं की त्यांनी माझ्याकडं बघावं. शिवी द्यावी, काहीही करावं.

मी हवा काढली, एकेक नट आवळला. ह्यांनी चावी फिरवली. इंजिन दोनदा घरघरलं आणि पेटलं. एवढं सुरेल चाललं की आबांनी ऐकलं असतं तर माझ्या डोक्यावर हात ठेवला असता.

आत्याबाई बियाण्याचं गाठोडं उचलायला वाकल्या.

“वहिनी,” तात्या इंजिनाच्या आवाजावरून ओरडले, “बियाण्याला हात नगं आता. रत्नाला द्या.”

त्यांनी गाठोडं माझ्या पायाशी ठेवलं. कळशी घेतली. वस्तीकडं निघाल्या. चार पावलं जाऊन त्या वळल्या, आणि त्या दिवसात मला एवढंच बोलल्या.

“भोक नीट मोकळं झालं का गं?”

“हो, आत्याबाई.”

“मग बरं झालं.”

दिवस मावळायच्या आत दहाच्या दहा एकर पेरून झालं. ट्रॅक्टर एकदाही बसला नाही. गेनबानं तो शेडला लावला, पुसला, चावी ह्यांच्या हातात दिली आणि खांद्यावर टॉवेल टाकला. त्याच्यावरचा आळ गेला होता. तात्यांनीसुद्धा, झालं गेलं विसर, म्हणून त्याला तंबाखू दिली होती. त्यानं ती घेतली नव्हती.

मी त्याच्यामागं बांधापर्यंत गेले.

“गेनबाभाऊ, जाताय कशाला? तुमच्यावरचा डाग तर गेला.”

“गेला,” तो म्हणाला. “तुमच्या आत्याबाईंच्या कपाळावर गेला.”

“मला माहीत नव्हतं. तुम्ही मला सांगायचं तरी.”

“काय सांगायचं वहिनी? मला तरी कुटं ठावं हुतं, भोक न् हवा? मला वाटलं, तात्या म्हणतात तसंच आसंल. इधवा बाईनं कुकू लावलं म्हणून बसला आसंल. माझंबी मन तसलंच.” त्यानं वस्तीकडं बघितलं. “पर बाई मालकाच्या जागंला कुकू लावत हुती. म्या बगितलं. ते बगून भंडारा कसा उचलू? आन् सांगू तरी कुणाला?”

त्यानं टॉवेल दुसऱ्या खांद्यावर घेतला.

“तीन दिस शिव्या खाल्ल्या,” तो म्हणाला, “त्या काय मला गोड लागत हुत्या व्हय? अजून एक दिस खाल्ल्या आस्त्या. वाफसा गेला आस्ता, मी गेलो आस्तो. दोन्ही परत येत्यात. तुमाला इंजिनाचं लई बारीक ऐकू येतं, वहिनी.”

एवढं बोलून तो गेला. पुढं तो पलीकडच्या तालुक्यात कुणाच्या तरी ट्रॅक्टरवर लागला असं कळलं. आमच्या शिवारात तो परत आला नाही.

त्या साली ज्वारी अशी आली की माणूस आत शिरलं तर दिसत नव्हतं. कणसं मुठीत मावत नव्हती. खळ्यावर रास पडली तेव्हा पुढच्या सालचं बियाणं निवडायला मला बसवलं. मला काही कळत नव्हतं. मी दाणा दाताखाली धरायची आणि ओसरीकडं बघायची. आत्याबाई आत, दाराच्या फळीमागं बसलेल्या असायच्या, आणि खळ्याकडं पाठ असायची. मी निवडलेलं बियाणं पुढच्या वर्षी निम्मंच उगवलं. त्याबद्दल मला कुणीच काही बोललं नाही. गावात माझं नाव झालं होतं. कुणाचं इंजिन अडलं की लोक यायचे, ‘अंकुशच्या बायकूला इचारा.’ तात्यासुद्धा पाहुण्यांना सांगायचे.

मेणाचा करंडा फडताळातून नाहीसा झाला. मी शोधला नाही.

एकदाच, आठ-नऊ वर्षांनी, आम्ही दोघी जात्यावर डाळ भरडत होतो. पीठ कधीच गिरणीत जाऊ लागलं होतं, पण डाळ त्या घरीच भरडायच्या, ओवी न म्हणता. माझी लेक मांडीवर झोपली होती. दुपार होती आणि घरात कुणी नव्हतं. मी धीर केला.

“आत्याबाई, ती ओवी सांगा ना. ‘सकाळच्या पारामंदी, हात जिथं पडे त्याचा…’ पुढची ओळ मला येत नाही.”

जातं थांबलं. त्यांनी खुंट्यावरचा हात काढला नाही. माझ्याकडं बघितलं, त्या दिवसानंतर प्रथमच, सरळ. रागानं नाही. तसं असतं तर मला आजवर एवढं लागलं नसतं.

“नगं गं,” त्या म्हणाल्या. “तू उघडून बगतीस.”

आणि त्यांनी जात्यात मूठभर डाळ टाकली.